अकरा फेब्रुवारीचं टपाल

१

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी देवयानी शेवाळे ठाण्याहून परत आली ती दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी गेलीच नाही. तळमजल्यावर चांगदेव इंगवल्यांच्या दारात थांबली आणि प्लास्टिकची फाईल छातीशी धरून तिने विचारलं, "काका, पोचलेलं पत्र जातं कुठे?"

चांगदेवराव शेंगा सोलत बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी कोपरच्या गल्ल्यांतून टपाल वाटलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खाकी पिशवी काही सुटली नव्हती. आता तिच्यातून मेथी आणि कोथिंबीर यायची. माणूस प्रेमळ, पण डोकं कापरासारखं पेट घ्यायचं.

"पोचलेलं पत्र माणसाच्या हातात जातं," ते म्हणाले. "नाहीतर ते पोचलेलं नसतं. काय झालं?"

देवयानी पायरीवरच बसली आणि सांगू लागली.

देवयानी मूळची कराचीची. तिचे पणजोबा रत्नागिरीहून कराचीच्या बंदरावर कामाला गेले, फाळणी झाली तेव्हा तिथेच अडकले, आणि त्या घरात आजही मराठी बोलतात, गणपती बसवतात. इथे दर नव्या माणसाला तिला हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं, आणि समोरचा सगळं ऐकून घेऊन शेवटी विचारायचा, "म्हणजे पाकिस्तानचीच ना?" नात्यातून स्थळ आलं, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काम करणाऱ्या सूरज शेवाळेशी लग्न झालं, त्याला नऊ वर्षं झाली. नवरा भारताचा, पाच वर्षांची लेक आसावरी भारताची. बाई तेवढी दरवर्षीच्या मुदतीवर. नागरिकत्वाचा अर्ज करून दोन वर्षं होत आली होती, आणि तो अर्ज चालू आहे म्हणूनच व्हिसा वर्षावर्षाने वाढत होता. यंदाची मुदत बावीस जानेवारीला संपत होती.

"नागरिकत्वाच्या खिडकीतला म्हणाला, तुमची फाईल सप्टेंबरातच बंद झालीये. मी म्हटलं, का म्हणून? तर म्हणे, तुम्हाला मंजुरीचं पत्र पाठवलेलं, ते अकरा फेब्रुवारीला पोचलंय. जुना पासपोर्ट जमा केल्याची पावती सहा महिन्यांत आणून द्यायची होती. तुम्ही आणली नाहीत. आता अर्ज बंद, म्हणून व्हिसा पण बंद."

"आणि पावती?"

तिने फाईल उघडली. पावती पहिल्याच कप्प्यात होती, दीड वर्षापासून.

चांगदेवराव उभेच राहिले. "अगं, म्हणजे तुझं नागरिकत्व मंजूर झालेलं? गेल्या फेब्रुवारीत?"

"झालेलं. आणि त्यानंतर मी सात वेळा त्याच खिडकीवर गेलेय, काका. विचारायला."

तिने टोकनच्या सात चिठ्ठ्या पायरीवर मांडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या शाईत, एकाच हातचं: तारीख आणि एक शब्द, 'प्रक्रियेत'. शेवटच्या दोन ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या होत्या. सप्टेंबरात बंद झालेली फाईल डिसेंबरात प्रक्रियेत होती! चांगदेवरावांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"बावीस तारखेनंतर काय?"

"तिकडे जायला पासपोर्ट नाही, तो जमा केला. इथे राहायला व्हिसा नाही." ती चिठ्ठ्या गोळा करू लागली. "आसावरीला काय सांगू ते कळत नाही बस."

नऊ दिवस हातात होते. चांगदेवरावांनी शेंगांची टोपली पायाने बाजूला सारली. "वर जा, दोन घास खा. ते पत्र मी शोधतो. माझ्या गल्लीतलं पत्र गहाळ होतं म्हणजे काय!"

२

त्या गल्लीचं टपाल आता बाळ म्हात्रे वाटत होता. इथलाच भूमिपुत्र, चांगदेवरावांच्याच हाताखाली शिकलेला. अकरा फेब्रुवारी म्हटल्यावर त्याने आधी मान खाली घातली, तेव्हाच चांगदेवरावांना वास आला.

"मी गेलेलो ना काका. पण वहिनी घरी नव्हती."

नसणारच. सात चिठ्ठ्यांतली पहिली अकरा फेब्रुवारीचीच होती. मंजुरीचं पत्र कोपरला तिचा जिना चढत होतं, तेव्हा ती ठाण्यात, ते पत्र पाठवणाऱ्याच ऑफिसच्या रांगेत उभी होती, आणि तिथला माणूस तिला 'प्रक्रियेत' असं लिहून देत होता.

"मग दिलंस कोणाला?"

"ओरडू नका हां. जिच्या नावाचं तिच्याच हातात द्यायचं, तुम्हीच शिकवलेलं. पण ती म्हातारी ऐकते का?" बाळने मोबाइलवर नोंद काढून दाखवली. काचेवर बोटाने केलेली वेडीवाकडी सही होती: तुळसा.

तुळसाबाई म्हणजे देवयानीची सासू.

"रोज गॅलरीत उभी असायची, काका. मी गल्लीत शिरलो की वरून हाक, 'बाळ्या, आमच्या सुनेचं आलं का?' सहा महिने, एक दिस चुकवला नाही. त्या दिवशी पाकिटावरचे सिंह बघितले नि माझ्या हातातनं घेतलंच. कपाळाला लावलं. मला गूळ दिला खायला. मी नाय कसं म्हणू?"

पत्र कोणाच्या हातात गेलं ते कळलं होतं. पण तुळसाबाईंना जाऊन दहा महिने झाले होते. त्यांना आता विचारणार कोण?

३

"आईने घेतलं?" सूरज नुकताच पाळीवरून आला होता, शर्टाला अजून कंपनीचा उग्र वास येत होता. "मग संपलंच काका. तिने फाडून टाकलं असणार."

"सूरज!" देवयानी म्हणाली.

"खोटं आहे का? आईला हे लग्न पसंत नव्हतं. पहिली दोन वर्षं ती हिच्या हातचं पाणी प्यायली नाही."

"ती पहिली दोन. नंतरची सहा पण मोज ना. आसावरीच्या वेळी माझे पाय कोण चेपायचं?"

चांगदेवराव सूरजवर तडकले. "फाडायचं पत्र माणूस कपाळाला लावतो का रे? सहा महिने गॅलरीत उभं राहून वाट बघतो का? आपल्याच आईबद्दल बोलताना जरा जीभ आवर."

सूरजचे डोळे भरले होते. चांगदेवरावांनी मनातल्या मनात त्याचं नाव संशयितांतून खोडलं. नवऱ्यावर संशय घेणं भाग होतं. दरवर्षी अर्जावर त्याची सही लागायची, आणि बायको असल्या सहीवर टांगलेली बरी वाटणारे नवरे त्यांनी पाहिले होते. पण हा त्यांतला नव्हता.

"अकरा तारखेनंतर काय काय झालं ते सांगा. सगळं."

देवयानीने आठवून आठवून सांगितलं. बारा तारखेला आई फार खुशीत होत्या. म्हणाल्या, आसावरीच्या वाढदिवसाला तुला एक गंमत देणार आहे. तिला वाटलं, साडी असेल. वाढदिवस वीस तारखेचा. चौदाला सकाळी आई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि कोसळल्या. झटका आला होता. अंग गेलं, वाचा गेली.

"फक्त डावा हात हलायचा. तो उचलून सारखा देव्हाऱ्याकडे दाखवायच्या. आम्ही तीर्थ पाजायचो, अंगारा लावायचो. त्या मान हलवायच्या, रडायच्या, आणि परत हात तिकडेच. शेवटपर्यंत." दोन मार्चला त्या गेल्या.

"त्या दिवसांत घरी कोण कोण आलेलं?"

सूरजने बोटांवर मोजलं. मोहने गावात राहणारा त्याचा मोठा भाऊ साईनाथ आणि सोनलवहिनी, दोघंही बरेच दिवस इथेच होते. अर्ज भरून देणारा विकी दोनदा आला, सह्या घ्यायला. आईची ट्रंक तेराव्यानंतर रिकामी करून वाटून टाकली, तिच्यात पत्र नव्हतं. देव मोठ्या घरी जातात म्हणून दादाकडे गेले. भांडीकुंडी इथेच राहिली. कपाटं त्याने एव्हाना तीनदा उपसली होती.

चांगदेवरावांनी घरावरून नजर फिरवली. भिंतीवर एक फळी, तिच्यावर गणपतीचा फोटो आणि बाजूला तुळसाबाईंचा. बाई फोटोतही कोणावर तरी डाफरत असल्यासारख्या दिसत होत्या.

विकी, असं त्यांनी ठरवलं. आधी त्या विकीला गाठायचं.

४

कल्याण स्टेशनजवळ विकीचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मागे काचेचं एक केबिन. दर वर्षी मुदत वाढवायची, दर वर्षी फॉर्म, दर वर्षी विकी. असल्या माणसाला गिऱ्हाइकाचं नागरिकत्व झालेलं कशाला हवंय, असा चांगदेवरावांचा रोख होता, आणि तो त्यांनी खुर्चीवर बसायच्या आत बोलून दाखवला.

"काय काका, डायरेक्ट चोर?" विकी हसला. "दिमाग लावा ना जरा. फाईल बंद म्हणजे व्हिसा बंद, व्हिसा बंद म्हणजे वहिनी गायब. माझं गिऱ्हाईक गेलं ना मग. मी माझ्याच पायावर धोंडा मारू?"

बोलणं निर्लज्ज होतं, पण बरोबर होतं.

"ते पाकीट दिसतं कसं?"

विकीने दुसऱ्या कोणाच्या फाईलमधून एक काढून दाखवलं. लांब, पांढरं शुभ्र, कोपऱ्यात निळे सिंह. "सगळ्यांना हेच जातं. अजून दुसरं नाही निघालं."

चांगदेवराव उठले. दाराशी पोचल्यावर विकी हळूच म्हणाला, "फाईल बंद झालेली मला ऑक्टोबरात दिसलेली, काका. वेबसाईटवर."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, त्यांना माहीत असेल. आणि बोललो असतो तर माझ्यावरच चढले असते."

चांगदेवरावांनी त्याला तिथे जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या दोन बायका पाठ फिरवून निघून गेल्या. ज्याला म्हणून कळलं तो प्रत्येक जण तोंड मिटून बसला होता. खिडकीतला बसला, काचेमागचा बसला, आणि बाई मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी टोकन घेऊन रांगेत. आता यादीत एकच घर उरलं होतं.

५

मोहन्याला साईनाथचं घर जुन्या रेयॉन कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. त्याचे वडील त्या कारखान्यात होते. ते गेले, कारखाना थंडावला, घर तेवढं राहिलं.

सोनलने तिळगूळ दिला, चहा टाकला. साईनाथ कमी बोलणारा, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसलेला. भिंतीला लागून शेवाळ्यांचा देव्हारा होता. पाटावर लाल कपडा, कपड्यावर टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. सकाळच्या पूजेच्या हळदीचं पाणी कपड्यात मुरून त्याच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. चांगदेवरावांनी नमस्कार केला आणि मुद्द्यावर आले.

"देवयानीला सरकारचं पत्र आलेलं. ते तुळसाबाईंनी घेतलं, पुढे सापडत नाही. नऊ दिवसांतले सहा उरलेत. तुमच्या काही कानावर?"

"आम्हाला काय माहीत काका?" सोनल कपबश्या गोळा करत म्हणाली. "आमच्याकडे असलं पिवळं पाकीटबिकीट काही नाही आलेलं. आमच्याकडे येतं ते लाईटचं बिल."

"आईने कुठे ठेवलं असेल, काही अंदाज?"

"आई कोणाला काय सांगायची?" साईनाथ पहिल्यांदा बोलला. "आणि खरं सांगू का, त्या कागदांनी आमचं पण कमी वाटोळं नाही केलेलं. गेल्या जानेवारीत आमच्या निशिगंधाचं ठरत आलेलं. मुलगा चांगला, बदलापूरचा. आणि मग फोन, मुलीची काकू पाकिस्तानची आहे म्हणे, आम्हाला लफडं नको. एका वाक्यात मोडलं."

आतल्या खोलीचा दरवाजा हलकेच लागला. निशिगंधा आत होती.

"पोरीने काय केलेलं हो?" सोनलचा आवाज फाटला. "चोवीस वर्षांची आहे. महिनाभर जेवली नाही नीट."

चांगदेवरावांना खरंच वाईट वाटलं. ते निरोप घेऊन निघाले. रिक्षात बसले, शहाडपर्यंत आले, आणि तोवर काहीतरी खुपायला लागलं होतं. कोणीतरी काहीतरी बोललं होतं जे बोलायला नको होतं. काय, ते मात्र हाती लागत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी शीलाताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, हळदीकुंकू होतं. लुटायच्या वाणाचे डबे पुठ्ठ्याच्या पांढऱ्या खोक्यातून आले होते. शीलाताईंनी खोकं आधी देवापुढे ठेवलं, ओल्या हळदीत बोट बुडवून चारी कोपऱ्यांना टेकवलं, वर कुंकू लावलं, मग हात जोडले.

"न उघडताच?" चांगदेवराव म्हणाले.

"चांगली वस्तू घरात आली की आधी देवाला दाखवायची. नवीन काहीतरी विचारताय जणू!"

हळद पुठ्ठ्यात पसरत चालली होती. पांढऱ्या खोक्याचे कोपरे बघता बघता पिवळे झाले.

चांगदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शीला," ते म्हणाले, "पाकीट पांढरं होतं."

७

रविवारी सकाळी ते सूरज आणि देवयानीला घेऊन मोहन्याला गेले. चार दिवस उरले होते. साईनाथने चटई घातली. चांगदेवराव बसले नाहीत.

"सोनलताई, एकच प्रश्न. पाकीट पिवळं होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सोनलच्या हातातला पदर थांबला. "सगळी सरकारी पाकिटं तशीच..."

"खाकी असतात, पांढरी असतात. मी आयुष्यभर तीच वाहिली. हे पांढरं होतं, निळ्या सिंहांचं. विकीने दाखवलं. परवा मी तुम्हाला नुसतं पत्र म्हटलं. पाकीट शब्दसुद्धा माझ्या तोंडून गेला नव्हता, रंग दूरच."

चांगदेवराव सूरजकडे वळले.

"तुझ्या आईने पत्र लपवलं नाही रे. तिला वाचता येत नव्हतं, पण सिंह ओळखता येत होते. घरात एवढी मोठी गोष्ट आली, तर तिच्या पिढीची बाई काय करते? फोडते? हळदकुंकू लावते आणि देवाच्या हवाली करते. मुहूर्तही तिने ठरवला होता, नातीचा वाढदिवस. ही तिची गंमत. चौदाला ती पडली. हात उचलून उचलून देव्हाऱ्याकडे दाखवत होती, आणि तुम्ही तिला तीर्थ पाजत होतात."

देवयानीने तोंडावर हात घेतला.

"तिथे कोणी बघितलं नाही. तेराव्यानंतर देव निघाले, मोठ्या घरी. पाट, कपडा, सगळ्यासकट. आता रंगाचं बघा. म्हातारीने लावले असतील चार ठिपके. चार ठिपक्यांच्या पाकिटाला कोणी पिवळं म्हणत नाही. पिवळं व्हायला ते दिवसचे दिवस हळदीच्या पाण्यात मुरायला हवं, देवाच्या कपड्याखाली. म्हणजे ज्याने पिवळं पाकीट पाहिलं त्याने ते कोपरला नाही पाहिलेलं. इथे पाहिलं." त्यांनी साईनाथला खूण केली. "देवाला हात तुम्हीच लावा."

साईनाथने बायकोकडे एकदा बघितलं. तिची नजर जमिनीवर होती. मग तो एकेक देव उचलून ताम्हनात ठेवू लागला. शेवटी त्याने लाल कपडा उचलला.

पाटावर पाकीट होतं. पिवळंधमक, चारी कोपऱ्यांना वाळलेलं कुंकू. आणि बंद.

देवयानीचा हात पुढे गेला तसे चांगदेवराव ओरडले, "फोडू नकोस! ते बंद आहे म्हणूनच तू खरी आहेस."

"वहिनी, कधीपासून?" सूरजने विचारलं.

"पाडव्याला," सोनल म्हणाली. "देव घासायला काढले तेव्हा. नाव वाचलं, कळलं काय असेल ते. फाडायला घेतलेलं मी. पण आईंनी कुंकू लावलेलं, देवाखालचं... हात नाही झाला. परत ठेवलं. म्हटलं, देवाच्या मनात असेल तसं होईल."

"देवावर ढकलू नका!" चांगदेवरावांचा आवाज गल्लीत ऐकू गेला असेल. "मुदत ऑगस्टपर्यंत होती. पाडव्यापासून ऑगस्टपर्यंत रोज सकाळी तुम्ही त्या पाकिटावर दिवा लावत होतात. रोज तुम्हाला एक फोन करता येत होता!"

"माझ्या पोरीचं लग्न मोडलं हिच्यामुळे!"

इतका वेळ गप्प असलेली देवयानी उठली. ती ओरडली नाही.

"निशूला दुसरं स्थळ येईल, वहिनी. मी स्वतः शोधेन तिच्यासाठी. मला दुसरा देश कुठून आणून देताय? जन्मले तिथलं सगळं मी परत करून आलेय. आणि हे पत्र आलं असतं तर पाकिस्तानची काकू उरलीच नसती. एवढं तरी बघायचंत."

आतला दरवाजा उघडला. निशिगंधा बाहेर आली आणि आईजवळ न जाता काकूच्या शेजारी उभी राहिली. सोनल तोंड झाकून रडू लागली. तिची समजूत काढायला त्या दिवशी कोणीही पुढे गेलं नाही, आणि बरंच झालं.

८

सोमवारी ठाण्याच्या त्या ऑफिसात खिडकीतल्या कारकुनाने पाकिटाकडे पाहून नाक मुरडलं. "पोचल्याची नोंद आहे. घरात कोणी कुठे ठेवलं ते आम्ही नाही बघत."

चांगदेवरावांनी तोंड उघडलं, पण देवयानीने त्यांचा दंड धरला आणि ती सरळ आत, अधिकारीबाईंच्या टेबलाशी गेली. चांगदेवराव आणि सूरज तिच्या मागे. बाई पन्नाशीच्या, थकलेल्या. त्यांनीही नोंद पाहिली आणि तेच सांगायला सुरुवात केली.

"मॅडम, पत्र माझ्या घरात लपलं," देवयानी म्हणाली. "तो आमच्या घरातला गुन्हा, आम्ही बघू. पण हे बघा." तिने सात चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. "पत्र पाठवलंय हे पाच वेळा मला याच खिडकीवर सांगता आलं असतं. आणि या शेवटच्या दोन, फाईल बंद केल्यानंतरच्या. तरी प्रक्रियेत. माझं पत्र देवाखाली होतं. तुमचं उत्तर कोणाच्या देवाखाली होतं?"

बाईंनी चिठ्ठ्या उलट्यापालट्या करून पाहिल्या, अक्षर ओळखलं, आणि कारकुनाला आत बोलावलं. त्याने अक्षर आपलं नाही असं म्हणून पाहिलं. मग म्हणाला, रांग मोठी असते, प्रत्येकाची फाईल कोण काढून बघणार? म्हणजे सात वेळा त्याने फाईल बघितलीच नव्हती. सात वेळा ती बाई आसावरीला मागे सोडून ठाण्याला आली, आणि त्याने खुर्चीतून न उठता एक शब्द लिहून दिला. चांगदेवरावांना वाटलं, त्याची ती निळी शाई त्याला प्यायला लावावी.

पाकीट सगळ्यांसमोर कापलं. कारकुनानेच कापलं, त्याला बाईंनी तेच सांगितलं. तशी नोंद झाली, पावती घेतली गेली, फाईल पुन्हा उघडली आणि निर्णय होईपर्यंत व्हिसाची मुदत वाढली. अहवालात मात्र लिहिलं, 'अर्जदारास टपाल प्राप्त होण्यास विलंब.'

"विलंब?" चांगदेवराव टेबलावर वाकले. "विलंब कोणाचा, ते लिहा की!"

ते काही लिहिलं नाही. पण बाहेर पडताना त्यांनी पाहिलं, कारकून रुमालाने बोटं खसाखसा पुसत होता आणि हळद निघत नव्हती.

त्यानंतर तीन महिने चांगदेवराव रोज अकराच्या सुमाराला दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. बाळ गल्लीत शिरला की विचारायचे, "आमच्या देवयानीचं आलं का?" बाळ मान हलवायचा. एप्रिल संपत आला तेव्हा एका सकाळी त्याने मान हलवली नाही. खुर्चीकडे न बघता तो तडक जिना चढून गेला, आणि देवयानी दारात येईपर्यंत त्याने पाकीट कोणाला दाखवलंसुद्धा नाही. चांगदेवराव धापा टाकत मागून पोचले.

लांब, पांढरं, निळ्या सिंहांचं. देवयानीने ते कपाळाला लावलं, फळीवरचा हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि झाकण उघडलं.

"ए पोरी!" चांगदेवराव दारातूनच गरजले. "आधी फोड!"

ती दचकली, मग हसली. पाकीट फाडलं. उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग नागरिकत्वाचा तो कागद सासूच्या फोटोपुढे धरला, त्यांना नीट दिसेल असा. त्यानंतरच तिने हळदीत बोट बुडवलं.

बाळ तोवर खाली उतरून गल्लीच्या टोकाला पोचला होता. देवयानी गॅलरीत धावली आणि कठड्यावरून वाकून तिने हाक मारली, "बाळभाऊ, थांबा! गूळ घेऊन जा."